भिंत फोडायच्या आधी: गावातल्या घराच्या खोल्या आपल्या राहणीप्रमाणं कशा लावायच्या

आमच्या वर्धा-यवतमाळकडं कोणत्याही गावात जा, बरीच घरं आता एकाच साच्याची दिसतात. समोर हॉल, त्यात सोफा, शोकेस अन् टीव्ही, पण दिवसभर तिथं कोणी बसत नाही कारण माणसं एकतर वावरात, नाहीतर ओसरीत, नाहीतर निंबाच्या झाडाखाली. मागं टिनाची सयपाकखोली, पुष्कळदा पश्चिमेच्या अंगाला, अन् घरातली बाई सकाळ-संध्याकाळ तिथंच शिजून राहिली. मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला, त्याच्याच बाजूला पोरांचा अभ्यास, अन् रात्री तिथंच चार-पाच गाद्या. मंग घरात बोलणं सुरू होतं की घर लहान पडून राहिलं, अजून एक खोली काढा.

पैसे असतील तर काढा बापा, पण आधी एवढं पाहा की असलेल्या खोल्या कोणत्या कामाला लागल्या आहेत. नागपूरच्या फ्लॅटचा नकाशा पाहून गावात घर बांधलं, हॉल-किचन-बेडरूम अशी नावं दिली, अन् आपली राहणी मात्र वेगळीच आहे. आपल्या घरात पोत्यानं धान्य येतं, फवारणीचा पंप येतो, रात्री दोन वाजता ओलितावरून माणूस येतो, महालक्ष्म्या बसतात, पोळ्याला बैल दारात उभे राहतात. यातली एकही गोष्ट फ्लॅटच्या नकाशात नसते. म्हणून पहिल्यांदाच घराची मांडणी बदलायचा विचार करून राहिलेल्यांसाठी क्रमानं सांगतो, काय आधी करायचं अन् काय नंतर.

आधी वही, मंग मिस्त्री

मिस्त्री घरी आला की पहिला प्रश्न विचारतो, भाऊ कोणती भिंत काढायची. त्याच्या आधी निदान एक आठवडा वही घेऊन बसा. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा अन् पहाटेपासून रात्रीपर्यंत तो कुठं असतो, काय करतो, ते लिहा. आबाजी पहाटे चारला उठतात, संडासला मागं जातात, जाताना कोणाकोणाच्या गाद्या ओलांडतात? पोरगी दहावीला आहे, ती पुस्तक घेऊन नेमकी कुठं बसते, हॉलमधल्या टेबलावर की पलंगावर पालथी पडून? घरच्या बाईला दिवसात किती वेळा पाण्याची गुंडी उचलून आतबाहेर करावी लागते? हे तिलाच विचारा, आपण अंदाजानं लिहू नका, कारण घरात सगळ्यात जास्त वेळ ज्या माणसाचा जातो त्याला विचारल्याशिवाय मांडणी बदलणं म्हणजे पुन्हा तेच करणं.

आठवड्यानं वही वाचली की तीन गोष्टी आपोआप दिसतात. कोणती खोली दिवसभर रिकामी, कोणत्या खोलीत एकाच वेळी दोन न जुळणारी कामं (टीव्ही अन् अभ्यास, झोप अन् येजा), अन् कोणाला कपडे बदलायलाही आडोसा नाही. तिसरी गोष्ट लोक बोलत नाहीत, पण वयात आलेली पोरगी अन् नवी सून असलेल्या घरात तीच सगळ्यात आधी सोडवायला पाहिजे.

वहीत अजून एक पान ठेवा वर्षाचं. कारण आपलं घर बारा महिने एकसारखं नसतं. जून ते सप्टेंबर ओले कपडे, छत्र्या, चिखलाचे पाय, खताच्या बॅगा, फवारणी. दसऱ्यापासून सोयाबीन, मंग कापूस, जानेवारीत तूर, मंग हरभरा अन् गहू, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत घर अर्धं गोदाम. अन् मार्च ते जून नुसतं ऊन, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 45-46 च्या वर जातो तेव्हा घरातली एकच थंड खोली सगळ्यांना पाहिजे असते. पूर्वेकडं भंडारा-गोंदियाला कापसाच्या जागी धान येतं एवढाच फरक. ही तीन वेगवेगळी गरज असलेली घरं एकाच जागेत बसवायची आहेत, म्हणून अशी खोली धरून ठेवा जी मोसमाप्रमाणं बदलता येईल, अन् तिच्यात भिंतीत ठोकलेलं फर्निचर करू नका.

मापं अन् नकाशा

इंजिनीअर लागत नाही यासाठी. मोजपट्टी घ्या, चौकटीची वही घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट धरा. प्रत्येक खोली आतून मोजा. दारं कुठं, कोणत्या बाजूला उघडतात, खिडक्या कुठं, लाइटचा बोर्ड कुठं, नळ अन् सांडपाण्याची नाली कुठून जाते, कॉलम-बीम कुठं आहेत अन् पूर्व कोणती, एवढं सगळं त्यावर पाहिजे. पाण्याची लाइन अन् नाली नक्की काढा, कारण मोरी नाहीतर सयपाकखोली हलवायची म्हटलं की खर्च तिथंच वाढतो, उतार मिळाला नाही तर पाणी तुंबते.

मंग पुठ्ठ्याचे तुकडे कापा त्याच मापानं. मोठा पलंग साडेसहा बाय पाच किंवा सहा, दिवाण सहा बाय तीन, लोखंडी कपाट तीन बाय दीड, माणसाला चालायला अडीच फूट, अन् म्हातारं माणूस आधार धरून चालत असेल तर तीन. हे तुकडे नकाशावर सरकवून पाहा. पोरांना द्या हे काम, ते आनंदानं करतात अन् त्यांच्या डोक्यातून कधी कधी चांगलं निघतं.

कागदावर जमलं की आंगणात फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं, खऱ्या मापाची खोली आखा, त्यात बाज टाका, खुर्ची ठेवा, फिरून पाहा. आठ बाय दहाची खोली कागदावर बरी वाटते, फक्कीच्या आत उभं राहिल्यावरच समजतं की पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडते की नाही.

ऊन कुठून येतं ते पाहून ठरवा

ही गोष्ट आपल्याकडं बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे, म्हणून जरा लांब सांगतो. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं तेव्हा हवा अजून गार असते, म्हणून पूर्वेची भिंत सहन होते. दुपारनंतर हवा आधीच तापलेली, त्यात पश्चिमेचं तिरपं ऊन सरळ भिंतीवर, अन् ती भिंत रात्री दहा-अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. भर उन्हाळ्यात दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो म्हणून छत तापतं, स्लॅब असो की टिन. दक्षिणेकडून ऊन हिवाळ्यात आत येतं, तेव्हा ते पाहिजेच असतं. उत्तरेची बाजू बहुतेक सावलीत.

याचा अर्थ असा की पश्चिमेच्या अंगाला अशी खोली ठेवा जिथं माणूस जास्त वेळ नसतो. कोठार, न्हाणी, संडास, जिना, सामानाची खोली. पश्चिमेचा मार मालानं खाल्लेला बरा, माणसानं कशाला खायचा. झोपायची अन् दुपारी बसायची जागा उत्तर किंवा पूर्वेला. वास्तू पाळणाऱ्यांनी पाळावी, कोणाच्या श्रद्धेत हात घालायचा नाही, अन् आग्नेयला सयपाक ठेवायचं म्हणतात ते आपल्या उन्हाच्या हिशोबानंही ठीकच बसतं, पश्चिमेपेक्षा तर कितीतरी चांगलं.

सेवाग्रामला गेलात तर बापू कुटी एकदा या नजरेनं पाहा. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले, तेव्हा जवळपास मिळणाऱ्या मातीत, बांबूत अन् कवेलूत ही घरं उभी राहिली. मातीची भिंत, खाली उतरलेलं छप्पर, पडवी, अन् प्रत्येक कामाला लहान-लहान जागा. पडवीमुळं ऊन मुख्य भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. आपले आजे-पणजे धाब्याचं घर बांधत होते त्यातही दीड-दोन फुटाची मातीची भिंत होती, दुपारी आत गारवा असायचा. घरात अशी जुनी मातीची खोली शिल्लक असेल अन् भिंत धड असेल तर ती पाडून टाकायची घाई करू नका, उन्हाळ्यात दुपारी निजायला तीच सगळ्यात चांगली खोली ठरते.

स्लॅबवर पांढरा चुना किंवा उन्हाला चालणारा पांढरा रंग मारला तर आतल्या खोलीत दोन-चार डिग्रीचा फरक पडू शकतो, हा सगळ्यात स्वस्त उपाय. टिनाखाली बांबूच्या तट्ट्याचं छत टाका, मधे हात-दीड हात हवा राहू द्या. पश्चिमेच्या भिंतीबाहेर ग्रीन नेट नाहीतर वेलाचा मांडव.

कूलरची जागा मांडणीतच ठरवा, नंतर खिडकी शोधत फिरू नका. कूलर बाहेरच्या बाजूनं खिडकीत बसला पाहिजे, शक्यतो सावलीच्या अंगाला, अन् समोरची दुसरी खिडकी किंवा दार थोडं उघडं पाहिजे, नाहीतर ओली हवा आतच कोंडते अन् चिकचिक होते. अन् कूलरसाठी अर्थिंगचा पॉइंट वेगळा घ्या, मेन बोर्डावर 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण) बसवा. दर उन्हाळ्यात आपल्याकडं ओल्या हातानं कूलरला हात लावून माणसं, लहान लेकरं जातात. मांडणी बदलताना वायरिंग उघडीच असते, तेव्हा हे काम राहू देऊ नका.

सयपाकखोली

घरात सगळ्यात वाईट जागा सयपाकाला अन् सगळ्यात चांगली जागा पाहुण्याला, हे उलटं करायला पाहिजे असं मला मनापासून वाटते. पाहुणा महिन्यातून दोनदा येतो, सयपाक रोज दोनदा होतो.

गॅस आला तरी चूल जात नाही, आंघोळीचं पाणी, भाकरी, लग्नाकार्याचा सयपाक चुलीवरच. म्हणून दोघांची जागा वेगळी ठेवा. गॅसचा ओटा आत, उजेड अन् खिडकी असलेल्या भिंतीला. चूल मागच्या पडवीत, तीन बाजूंनी उघड्या छपराखाली, वारा पाहून अशी की धूर घरात शिरणार नाही. ओट्याची उंची बाजारातलं माप पाहून ठरवू नका, जी बाई उभी राहणार आहे तिच्या कोपरापासून चार बोटं खाली मोजा. बसून करायची सवय असेल तर ओट्याच्या बाजूला खाली चार फूट मोकळी फरशी ठेवा, उभ्या ओट्याचा हट्ट नको. सिलिंडर नेहमी उभा, शेगडीच्या पातळीच्या खाली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीसोबत खाली फरशीजवळही जाळीचं एक भोक पाहिजे. माठ अन् पाण्याची टाकी ओट्यापासून तीन-चार पावलांच्या आत. नळ दोन-तीन दिवसांआड येत असेल तर टाकीचा आकार आधी ठरवा, त्याच्या हिशोबानं खोली.

माल, औषध अन् फवारणी

हा भाग वाचून सोडून देऊ नका, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे.

कापूस घरात ठेवला की अंगाला खाज सुटते हे सगळ्यांना माहीत आहे, लेकरं रात्रभर खाजवतात, अन् भाव येईपर्यंत ठेवायचाही असतो. म्हणून कापूस झोपायच्या खोलीत नको. दुसरं म्हणजे आग. कापसाच्या ढिगाला लागून स्विच, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, देवाचा दिवा, यातलं काहीच नको. कापसाच्या खोलीतला बोर्ड खोलीबाहेर काढा, आत फक्त वर छताला बल्ब.

धान्याची पोती फळ्या किंवा बल्ल्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. ओल लागत नाही अन् मागून उंदीर दिसतो. उंदीर आले की मागून साप येतात, अन् मण्यारसारखा साप रात्रीच फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो अन् कधी कधी चावल्याचं समजतही नाही. म्हणून धान्याच्या खोलीत खाली गादी टाकून झोपणं बंद करा, बाज किंवा दिवाण अन् मच्छरदाणी पाहिजेच.

धान्यात कीड लागू नये म्हणून ज्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात, त्यातून विषारी वायू निघतो. तो बंद खोलीतून बाजूच्या खोलीतही जातो. अशी गोळी टाकलेल्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या खोलीत कोणीही झोपायचं नाही, म्हातारी माणसं अन् लेकरं तर अजिबात नाही. कोठाराला घरातून दार देण्यापेक्षा बाहेरून दार द्या, हा सगळ्यात साधा उपाय.

अन् फवारणी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरू शकत नाही. घराच्या मांडणीत याला जागाच नसते. माणूस फवारून येतो, पंप ओसरीत टेकवतो, त्याच कपड्यानं आत जाऊन पाणी पितो. तर मागच्या आंगणात एक कोपरा करा. चार बाय पाच फुटाची मोरी, नळ किंवा ड्रम, कपडे टांगायची खुंटी, साबण, अन् वर कुलूप लागणारी लोखंडी पेटी औषधांसाठी, लेकरांचा हात पोहोचणार नाही एवढी उंच. तिथंच अंग धुवायचं, तिथंच कपडे बदलायचे, मंग घरात पाय. हे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुवायचे नाहीत. त्या मोरीचं पाणी विहिरीकडं किंवा गुरांच्या टाक्याकडं जायला नको.

बाकीच्या जागा

म्हातारी माणसं संडासाजवळ, रस्त्यात पायरी नको, रात्री लावता येईल असा बल्बचा स्विच उशाशी. पण त्यांना एकदम मागच्या खोलीत टाकू नका, आबाजींचा दिवस ओसरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारण्यात जातो, तो तोडला की माणूस खचतो. दिवसा ओसरी, रात्री आतली खोली, असं दोन जागांचं ठरवा. बाज हलवायच्या आधी त्यांना विचारा, समजावून सांगा, परस्पर हलवू नका.

अभ्यासाला स्वतंत्र खोली नसली तरी चालते, स्वतंत्र भिंत पाहिजे. तीन फुटाची फळी, बाजूला प्लग, पुस्तकांचा कप्पा, अन् उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूनं उजेड. टीव्हीच्या उलट्या तोंडाला.

महालक्ष्म्यांसाठी तीन दिवस मोठी जागा लागते, मखर, पंगत. त्यासाठी वर्षभर खोली अडवून ठेवू नका, पण ज्या खोलीत बसवता तिथलं सामान हलतं राहील असंच घ्या. संडास शोषखड्ड्याचा असेल तर विहिरीपासून 50 फूट तरी दूर, ते माप मांडणी बदलताना मोडू नका.

एक घर धरून पाहू

समजा घर 18 फूट रुंद, पूर्वेला तोंड, अन् आगगाडीच्या डब्यासारख्या खोल्या एकामागं एक. ओसरी 8 फूट, हॉल 12, मधली खोली 10, मागं टिनाची सयपाकखोली 10, मंग आंगण अन् संडास. उत्तरेला तीन फुटाची गल्ली, म्हणून तिकडं खिडक्या काढता येतात. राहणारे पाच. आजी, नवरा-बायको, दहावीतली पोरगी, अन् लहान दीर जो रात्री ओलीत करतो.

या घरात सगळी दारं भिंतीच्या मधोमध. त्यामुळं प्रत्येक खोलीचे दोन तुकडे होतात अन् मधून रस्ता. सगळ्यात आधी दारं सरकवायची, सगळी दक्षिणेच्या भिंतीला लागून एका ओळीत. तीन फुटाचा रस्ता एका कडेला गेला की बाकी पंधरा फूट सलग मोकळे होतात. एवढ्या एका कामानं घर मोठं झाल्यासारखं वाटते, खोली न वाढवता.

मंग अदलाबदल. सयपाक पश्चिमेच्या टिनातून मधल्या खोलीत आणायचा, ओटा उत्तरेच्या खिडकीखाली, उरलेल्या जागेत सगळे सोबत जेवायला बसू शकतात. सांडपाणी गल्लीतून काढायचं. टिनाच्या खोलीत कोठार, दार आंगणातून, अन् चूल आंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कापसापासून दूर. हॉलचे दोन भाग, उत्तरेला आठ फुटाची खोली नवरा-बायकोची, बाजूला साडेसहा फुटाची आजी अन् नातीची, तिची खिडकी ओसरीत उघडणारी, अन् या खोलीला अन् रस्त्याला वेगळं करायला भिंतीऐवजी पडदा. साडेसहा बाय बारात दोन दिवाण एकामागं एक लागतात, चालायला तीन-साडेतीन फूट उरतात. आजी रात्री उठली तर रस्त्यानं सरळ मागच्या दारी, कोणाच्या गादीवरून जायचं काम नाही.

ओसरीला जाळी लावून तीच बैठक, टीव्ही तिथंच. ओसरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात सात बाय आठची खोली दीराला, दार ओसरीतूनच, म्हणजे तो रात्री लाइन आली की गेला अन् पहाटे आला तरी घर उठत नाही. सोफा? तो विकून टाकला तरी हरकत नाही, दोन बाजा अन् चार खुर्च्या आपल्या बसण्याला जास्त कामाच्या.

तुमचं घर वेगळं असेल, पण क्रम हाच ठेवा. आधी दारं, मंग अदलाबदल, मंग लागलीच तर भिंत.

घरकुल असेल तर

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात कमीत कमी 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट जागा धरली आहे, सयपाकाच्या जागेसकट. सपाट भागात अनुदान 1 लाख 20 हजार ठरलं होतं, संडासाचे 12 हजार वेगळे. एवढ्यात लोक दोन सारख्या खोल्या काढतात. त्यापेक्षा एक मोठी, एक लहान अन् समोर पडवी काढली तर जास्त वापरता येते, अन् मागच्या भिंतीत पुढं दार काढता येईल असा लिंटल आताच टाकून ठेवा. दोन वर्षांनी खोली वाढवली तर भिंत फोडायचा त्रास वाचतो.

तोडफोडीच्या आधी करून पाहा

कागदावर ठरलेलं लगेच सिमेंटात टाकू नका. पंधरा दिवस-महिनाभर साड्या अन् दोऱ्या बांधून भिंती समजा, बाजा हलवा, शेगडी नव्या जागी ठेवून सयपाक करा, माल हलवा. काय जमत नाही ते तेव्हाच समजते, पोरीचा अभ्यास ओसरीतल्या टीव्हीनं मोडतो का, नव्या सयपाकखोलीतला फोडणीचा ठसका आजीच्या खोलीत जातो का. बदल करा, पुन्हा पाहा.

भिंत काढायचीच असेल तर ती वजन घेते का ते आधी. नऊ इंची भिंत, जिच्यावर स्लॅब, मयाल (लाकडी तुळई) किंवा बीम टेकला आहे, ती मिस्त्रीच्या भरवशावर काढायची नाही, इंजिनीअरला दाखवा, तालुक्याला मिळतो. साडेचार इंची आड-भिंत वर काहीच टेकलेलं नसेल तर निघते. मातीच्या भिंतीत नवं दार काढताना वर लाकडी किंवा सिमेंटची पट्टी आधी बसवायची, मंग खालून फोडायचं. बाजूच्या भावाच्या हिश्श्याशी सामाईक भिंत असेल तर दोघांनी बसून बोला, ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घर-जागेच्या नोंदीचा उतारा) काढून जागा कोणाच्या नावावर किती ते पाहून घ्या, वाढीव बांधकाम असेल तर परवानगीही तिथूनच.

काम कधी काढायचं? माझ्या मते फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्च. कापूस-तूर बरीच निघालेली असते, विहिरीला पाणी असते, अन् प्लास्टरला पाणी मारायचं तर एप्रिल-मेच्या उन्हात ते लगेच सुकते, भेगा पडतात. पावसाआधी टिनाचं काम पूर्ण पाहिजे.

मिस्त्रीला तोंडी सांगू नका. प्रत्येक भिंतीवर कोळशानं लिहा, दार इथं, रुंदी तीन फूट, खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून एवढा, प्लग इथं अन् इथं, कूलरची खिडकी एवढी. कूलर घरात असेल तर त्याच्या तोंडाचं माप घेऊनच खिडकीची चौकट सांगा. अन् हे लिहिताना घरच्या बाईला सोबत उभी ठेवा, ओट्याच्या वरची फळी किती उंच ते तिच्या हातानं दाखवू द्या, तिथंच खूण करा.